कुबा लोकांचे राज्य

मंडळी, आफ्रिका खंड आपल्याला वाटतो तितका परका नाही. मुंबईहून निघालेले जहाज समुद्र ओलांडून नैर्ऋत्येला गेले, की आफ्रिकेचा पूर्व किनारा लागतो. तेथून जमिनीवरून पश्चिमेकडे निघाले आणि मोठमोठी सरोवरे मागे टाकली, की खंडाच्या पोटात एक भला मोठा देश लागतो. त्याचे नाव काँगो लोकशाही गणराज्य. त्याची राजधानी किन्शासा. आपल्या महाराष्ट्राएवढी सात राज्ये त्यात सहज मावतील, एवढा तो मोठा आहे.

काँगो नावाची एक प्रचंड नदी या देशातून वाहते. तिच्यावरूनच देशाला नाव पडले. या काँगो नदीच्या पाण्यात कासाई नदीचे पाणी येते. कासाईला सांकुरू नदी मिळते, आणि लुलुआ नदीही मिळते. कासाई, सांकुरू आणि लुलुआ या तीन नद्यांच्या मधल्या मुलुखात कुबा लोक राहतात. त्यांचीच हकीकत आज सांगायची आहे.

हा मुलूख कसा आहे? थोडे दाट जंगल, थोडे गवताळ रान. पाऊस भरपूर. वर्षातले जवळजवळ नऊ महिने तो येऊन-जाऊन असतो. कोरडे दिवस थोडेच. मुलूख ओलाव्याचा, पण उगीच पिकणारा नव्हे. जंगल तोडावे लागते, तण काढावे लागते, मगच शेत हाती येते.

एक राजा, अनेक जमाती

कुबा म्हणजे एकच जात किंवा एकच जमात नव्हे. बुशोंग, न्गेंडे, प्यांग, शोवा, केल, केते अशा पंधरा-वीस लहानमोठ्या जमाती मिळून कुबा होतात. सगळ्यांची भाषा एक नाही. केते लोक या मुलुखात आधीपासून राहत होते. च्वा नावाचे ठेंगण्या बांध्याचे लोक जंगलात शिकारीवर पोट भरत. बाकीचे लोक नंतर नद्यांच्या वाटेने येऊन वसले. यांतले पुष्कळ लोक सांगतात, की आमचा मूळ पुरुष वूट. जगातला पहिला माणूस तोच.

कुबा हे नावही त्यांनी स्वतः घेतलेले नाही. ते शेजारच्या लुबा लोकांनी दिले. आपण दुसऱ्या गावच्या लोकांना एखादे नाव ठेवतो आणि पुढे तेच रूढ होते, तसे झाले.

या जमातींत बुशोंग सर्वांत जोरदार. राजा बुशोंगांचा. राजाला ते लोक न्यीम म्हणतात. त्याच्या राजधानीचे नाव न्शेंग. पण बाकीच्या जमातींचे मुखिये बुशोंगांनी काढून टाकले नाहीत. प्रत्येक जमातीचा मुखिया तिच्यातलाच. त्याला त्याचेच लोक निवडत. चालीरीती त्यांच्या त्यांच्याकडे. राजाला काय पाहिजे? वर्षाचा खंड. मीठ, कापड, लोखंडी कुदळी, धान्य, सुकी मासळी, हस्तिदंत, बिबट्याचे कातडे अशा वस्तू खंड म्हणून राजधानीत येत. खंड पोचता झाला, की जमातीचा घरचा कारभार जमातीने करावा.

राजाच्या पाठोपाठ गादीवर कोण येई? येथे आपल्याला नवल वाटेल. राजाचा मुलगा नव्हे. कुबांत वंश आईकडून मोजतात. म्हणून राजाची गादी त्याच्या भावाकडे, नाहीतर बहिणीच्या मुलाकडे, म्हणजे भाच्याकडे जाई. मुलांना गादीचा हक्कच नाही. त्यामुळे राजा आपल्या मुलांना बिनधोक मोठमोठे मान आणि हुद्दे देई. ते गादी बळकावतील ही धास्ती त्याला नसे.

श्याम राजाची गोष्ट

कुबांच्या सगळ्या राजांत एका राजाचे नाव लोक अजून घेतात. त्याचे नाव श्याम. ऐकायला अगदी आपल्याकडचे वाटते, पण तो योगायोग आहे. त्याचे पुरे नाव श्याम आ-म्बुल आ-न्गोंग. इसवी सन १६२५ च्या सुमारास तो राजा झाला असे इतिहासकार धरतात.

लोक सांगतात, की श्याम हा एका दासीचा मुलगा. गादीशी त्याचा थेट संबंध नव्हता. तरुणपणी तो पश्चिमेकडे दूरदूरच्या मुलखात हिंडला. समुद्राकाठी तेव्हा पोर्तुगीज व्यापारी येत. त्यांनी अमेरिका खंडातून नवी पिके आणली होती. मका, कसावा, घेवडा, तंबाखू ही ती पिके. कसावा म्हणजे जमिनीत लागणारे एक मोठे कंद. आपल्याकडचा साबुदाणा त्याच्याच पिठापासून करतात. श्याम हे सारे पाहून, शिकून घरी परतला, आणि राजा झाला, असे कुबा लोक मानतात.

एकट्या माणसाने एवढी पिके आणली असतील का? नसतीलही. थोर राजाच्या नावावर लोक पुष्कळ गोष्टी चढवतात. पण एवढे खरे, की साधारण त्याच काळात ही पिके कुबांच्या मुलुखात आली आणि शेतीची रीत बदलली. मका वर्षातून दोनदा पिकू लागला. धान्य शिलकीत पडू लागले. शिलकीच्या धान्यावर लोहार, सुतार, विणकर, कोरक्ये जगू लागले. राजधानी वाढली.

श्यामविषयी आणखी एक गोष्ट सांगतात. कुबांचे एक हत्यार होते. ते फेकून मारायचे, धारदार पात्यांचे. श्यामने ते बंद केले आणि त्याच्या जागी लोकांना लाकडी सुरी कमरेला लावायला सांगितले. म्हणजे शोभा राहिली, आणि रक्त सांडायचे टळले. फळीवरच्या खळग्यांत बिया टाकत जाण्याचा बैठा खेळही त्यानेच आणला म्हणतात. त्याची लाकडी मूर्ती आहे, तिच्यात तो मांडी घालून बसला आहे आणि पुढे तो खेळाचा पाट आहे. इतर राजांच्याही अशा मूर्ती आहेत. कुणापुढे नगारा, कुणापुढे लोहाराची ऐरण. ज्याची जी खूण, ती त्याच्यापुढे.

नदीचे दोन काठ

आता एक विचार करण्यासारखी गोष्ट सांगतो.

कासाई नदीच्या पूर्वेला बुशोंग राहतात. पश्चिम काठाला दुसरे लोक राहतात, त्यांचे नाव लेले. हसू नका, आपल्याकडच्या लेले आडनावाशी त्यांचा काही संबंध नाही. लेले आणि बुशोंग यांच्या भाषा एकमेकींच्या जवळच्या. दोघे आपण एकाच मुळाचे असे सांगतात. पाऊस सारखा, जंगल सारखे. लेल्यांची जमीन थोडी हलकी, पण फार फरक नाही.

तरी बुशोंगांकडे सुबत्ता, आणि लेल्यांकडे ओढगस्त. असे का?

मेरी डग्लस नावाच्या एका विदुषीने लेल्यांत राहून अभ्यास केला. बुशोंगांचा अभ्यास यान व्हान्सिना नावाच्या दुसऱ्या पंडिताने केला होता. दोन्ही पडताळून बाईंनी १९६२ साली आपला लेख छापला. त्यात जे आहे, ते शेतकऱ्याला चटकन कळेल.

बुशोंग शेतकरी दोन वर्षांच्या फेऱ्यात पाच पिके घेत असे. कंद, रताळी, कसावा, घेवडा, आणि मका तर वर्षात दोनदा. एका पिकामागून दुसरे, जमिनीला पालटून पालटून. लेले मात्र वर्षात मक्याचे एकच पीक काढीत. बुशोंग शिकारीला जाळी घेऊन टोळीने जात, मासळीसाठी तळी राखीत. लेल्यांत ही खटपट कमी.

दुसरी गोष्ट माणसाच्या आयुष्याची. बुशोंग तरुण विशीत लग्न करी आणि कामाला लागे. साठी उलटली तरी तो शेतात दिसे. लेल्यांत म्हाताऱ्यांनी दोन-दोन, तीन-तीन बायका करायच्या. तरुणांना तिशीपर्यंत लग्नाची वाट पाहावी लागे. लग्न नाही, म्हणून घर नाही. घर नाही, म्हणून शेत नाही. मग ही तरुण मंडळी काय करीत? गावाची राखण, आणि शेजारच्या गावाशी मारामाऱ्या. बायका पळवण्यावरून गावागावांत वैर पेटे. गावाभोवती कूस घालावे लागे.

या वैराचा निवाडा कोण करणार? लेल्यांत गावाच्या वर कोणी नव्हतेच. प्रत्येक गाव आपापला मुखत्यार. तुमच्या माणसाने आमचा माणूस मारला, तर आम्ही तुमचा मारू, एवढाच न्याय.

बुशोंगांकडे निवाडा करणारे होते. तोच मोठा फरक. भांडण मिटायची जागा असली, की माणूस निर्धास्तपणे शेतात राबतो.

पंच आणि राजसभा

कुबांचा न्याय कसा चाले?

प्रत्येक गावाला एक मुख्य, आणि त्याच्याबरोबर वडीलधाऱ्यांची सभा. गावातले तंटे तेथे मिटत. तेथे न मिटले, तर वर जायचे. अगदी राजधानीपर्यंत दाद मागता येई.

राजधानीत पुष्कळ मानकरी असत. प्रत्येकाच्या मानाची खूण डोक्यावरच्या पिसांवरून कळे. कुणाचे पीस गरुडाचे, कुणाचे आणखी कसले. खटला आला, की तो कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहत. मारामारीचा आहे, देण्याघेण्याचा आहे, की आणखी कशाचा? तसे पंच ठरत. प्रत्येक खटल्याला तेच ते पंच बसत नसत. आजच्या खटल्यात बसलेला पंच उद्याच्या खटल्यात नसे. यात शहाणपण आहे. रोज तोच पंच बसू लागला, की त्याचे दार ठोठावणारेही वाढतात.

राजा तरी मोकळा होता का? नव्हता. राजाचा थाट मोठा. मोठ्या समारंभात तो जो पोषाख करी, त्यावर मणी आणि कवड्या इतक्या जडवलेल्या असत, की त्याचे वजन ऐंशी किलोच्या आसपास भरे. या कवड्या हिंदी महासागरातून हातोहात तेथवर पोचत. आपल्याकडे देवीच्या भुत्याच्या गळ्यात जी कवड्यांची माळ दिसते, तीच ती कवडी. तेथे ती नाणे म्हणूनही चाले.

एवढा थाट, पण राजाला सभा विचारावीच लागे. जुन्या मानाच्या कुळांची एक सभा. प्रांतांच्या प्रमुखांची दुसरी सभा. सभेला न पटणारी गोष्ट राजाने रेटली, तर ती पुढे सरकत नसे. राजाच्या हाती मोठी फौज नव्हती. लोकांच्या मानण्यावरच त्याचे राज्य उभे होते.

ताडाच्या पानाचे कापड

शेतात पिकले आणि भांडणे मिटली, म्हणजे माणसाचे हात कलेकडे वळतात. कुबांचे कापड आज जगभर नावाजले जाते. ते कापड कापसाचे नाही, लोकरीचेही नाही. ते ताडाच्या पानाचे आहे. राफिया नावाचा एक ताड आहे. त्याच्या कोवळ्या पानाचे पातळ पदर काढून, वाळवून, चिरून धागे करतात.

हे काम पुरुष करतात. मागावर विणायचेही पुरुषांनीच. पान जेवढे लांब, तेवढाच धागा लांब. म्हणून कापडाचे तुकडे लहान लहान निघतात. ते ताठ, खरखरीत असतात. मग बायका ते उखळात कुटून मऊ करतात, रंगवतात, आणि सुई घेऊन भरत भरायला बसतात.

त्यांचे मखमली भरत पाहण्यासारखे असते. सुईने धागा विणीच्या एका सुताखालून काढायचा. दोन्ही टोके लहानशा सुरीने कापून उभी ठेवायची. गाठ मारायची नाही. वीण इतकी घट्ट, की धागा सुटत नाही. असे हजारो टाके झाले, की कापडावर मखमलीसारखी लव येते. एक लहान तुकडा पुरा व्हायला कित्येक महिने लागतात. आधी नक्षी कागदावर काढलेली नसते. चौकडी, त्रिकोण, वेटोळी सगळी बाईच्या डोक्यात असतात.

हे कापड नुसते नेसायला नव्हे. लग्नात ते द्यावे लागे. पंचांनी दंड केला, तर तोही कापडात भरता येई. माणूस मेला, की त्याच्या अंगावर कुळाने राखलेले उत्तम कापड घालून त्याला पुरत. पलीकडे गेल्यावर पूर्वजांनी त्याला आपले म्हणून ओळखले पाहिजे, अशी समजूत.

नक्षीचे वेड किती असावे? नवा राजा गादीवर आला, की त्याच्या नगाऱ्यासाठी एक नवी नक्षी काढावी लागे. ती त्या राजाच्या नावाने ओळखली जाई. १९२० नंतरच्या दहा वर्षांतली एक गोष्ट सांगतात. पाद्रींनी राजाला दाखवायला मोटारसायकल आणली. त्यांना वाटले, हे यंत्र पाहून राजा चकित होईल. राजाने यंत्राकडे फारसे लक्षच दिले नाही. पण वाळूवर चाकाचे जे ठसे उमटले होते, ते पाहून तो हरखला. त्याने ती नक्षी उतरवून घेतली आणि तिला आपले नाव दिले.

राज्याची काळी बाजू

एवढे सांगितल्यावर कुणी म्हणेल, कुबांचे राज्य म्हणजे रामराज्यच होते. तसे नव्हते. जे आहे ते सांगितले पाहिजे.

कुबांत गुलाम होते. लढाईत धरलेले, विकत घेतलेले. राजा किंवा मोठा मानकरी मेला, तर त्याच्या बरोबर गुलामांचे बळी दिले जात. चेटकाचा संशय आला, तर संशयिताला विष पाजून पारख करीत. तगला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. पंचांची एवढी चांगली रीत काढणाऱ्या लोकांतच ही रीतही होती. पंचांपुढे ज्याला उभे राहता येत होते, त्याला न्याय होता. ज्याला उभेच राहता येत नव्हते, त्या गुलामाला न्याय नव्हता.

रबराचे दिवस

कुबा राजांनी परक्यांना आपल्या मुलुखात येऊ द्यायचे नाही, असे ठरवले होते. परक्याला वाट दाखवील त्याला मरणाची शिक्षा. म्हणून पुष्कळ दिवस कोणी गोरा माणूस राजधानीपर्यंत पोचला नाही.

शेवटी १८९२ साली एक जण पोचला. तो गोरा नव्हता. त्याचे नाव विल्यम शेपर्ड. तो अमेरिकेतला काळा मनुष्य, धर्मोपदेशक. त्याने कुबांची भाषा शिकून घेतली होती. वाट कोणी सांगेना, तेव्हा त्याने युक्ती केली. एका गावात राहायचे, तेथली अंडी विकत घ्यायची. गावातली अंडी संपली, की आपली माणसे पुढच्या गावी अंडी आणायला पाठवायची. ती माणसे वाट पाहून येत. मग शेपर्ड त्या गावी. असे गावामागून गाव करीत तो पुढे गेला. राजधानीत पोचला, तेव्हा लोकांनी ठरवले, की हा आपलाच मेलेला एक राजा पुन्हा जन्माला आला आहे. म्हणून तो वाचला.

शेपर्ड वाचला. पण त्याच्या मागून जे आले, त्यांनी कुबांचे कल्याण केले नाही. त्या काळी सगळा काँगो बेल्जमचा राजा लिओपोल्ड याच्या मालकीचा होता. १८८५ पासून १९०८ पर्यंत तो जणू त्याची खाजगी जहागीर होता. युरोपात सायकलींना आणि मोटारींना चाके लागत. चाकांना रबर लागे. काँगोच्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावोगावच्या लोकांवर रबर आणण्याची सक्ती झाली. नाही आणले, तर गाव जाळायचे, माणसे मारायची.

१८९९ साली सरकारच्या बाजूच्या हत्यारबंद टोळीने प्यांगांच्या मुलुखात कत्तल केली. शेपर्ड त्यांच्या छावणीत गेला. तेथे विस्तवावर माणसांचे तोडलेले उजवे हात वाळत ठेवलेले होते. त्याने ते मोजले. ८१ भरले. हिशेब द्यायला म्हणून ते हात ठेवले होते. पुढे राजधानी न्शेंगही लुटली गेली. १९०४ साली कुबांनी बंड केले. तेही मोडून काढले.

शेपर्ड गप्प बसला नाही. त्याने १९०८ साली रबर कंपनीविरुद्ध लिहिले. कंपनीने त्याच्यावर खटला भरला. १९०९ साली तो निर्दोष सुटला. त्याच सुमारास जगभर ओरड झाली होती. १९०८ साली लिओपोल्डच्या हातून काँगो काढून बेल्जम सरकारने घेतला. जुलूम कमी झाला, पण राज्य परक्याचेच राहिले.

नवे मालक कुबांच्या राजाला नावाला राजा म्हणत. पण हुकूम वरून येई. कर किती, रस्ता कोणी खणायचा, कापूस कोणी पेरायचा, हे सभेला कोणी विचारीना. राजाही आता सभेकडे पाहण्याऐवजी साहेबाकडे पाही. पूर्वी राजा लोकांना धरून होता. आता तो साहेबाच्या कागदावर राजा झाला.

आजचे दिवस

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. तेव्हा कुबांच्या गादीवर जुना राजा होता. तो १९६९ साली वारला आणि कोट आम्ब्वेकी तिसरा राजा झाला. आज कुबांचे राज्य म्हणजे कासाई प्रांतातले एक मुखियाक्षेत्र आहे. देशाच्या २००६ सालच्या घटनेत जुन्या परंपरेच्या सत्तेला जागा दिली आहे. कोर्ट, पोलीस, शाळा सरकारच्या. पण जमीन कुणी कसायची, दोन घरांत तंटा झाला तर काय करायचे, अशा गोष्टींत खेड्यातला माणूस अजून मुखियाच्या दाराशी जातो.

मुखिया कोण, हे ठरवणे किती नाजूक असते, ते शेजारच्याच मुलुखात दिसून आले. तेथे लुलुआ लोकांचा एक मुखिया, त्याची पदवी कामुइना न्सापू. गादीवर नवा माणूस आला, आणि सरकारने त्याला मान्यता दिली नाही. तेढ वाढत गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये सरकारी फौजेच्या हातून तो मारला गेला. मग सारा प्रांत पेटला. हजारो माणसे मेली. दहा लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडून पळावे लागले. एका लहानशा गादीचा प्रश्न, पण त्यात लोकांना विचारण्याऐवजी बंदूक आली, म्हणून एवढा अनर्थ झाला.

कडी आणि पहारेकरी

आता शेवटची गोष्ट.

कुबांच्या जुन्या राज्यात पंच होते, सभा होती, कायदा होता. मग त्यांच्या वंशजांच्या अंगी नेम पाळण्याची सवय इतरांपेक्षा जास्त असेल, असे आपल्याला वाटते. काही अभ्यासकांनी हेच पडताळून पाहिले. त्यांनी कानांगा नावाच्या शहरात कुबांचे वंशज आणि राज्याबाहेरच्या शेजाऱ्यांचे वंशज असे दोन्ही लोक बोलावले. प्रत्येकाला एकांतात फासा टाकायला दिला. फासा पडेल तसे पैसे आपल्या, नाहीतर दुसऱ्याच्या वाटणीला टाकायचे. पाहायला कोणी नाही. खोटे केले तरी धरले जायची भीती नाही.

काय दिसले? जुन्या राज्यातल्यांच्या वंशजांनी स्वतःच्या वाटणीला जास्त पैसे टाकले. शेजाऱ्यांचे वंशज नेमाला जास्त धरून राहिले. हा अभ्यास २०१७ साली छापला गेला.

याचा अर्थ अभ्यासकांनी असा लावला : जेथे राजा आणि पंच वरून नेम पाळून घेतात, तेथे आईबाप मुलांना घरी नेम शिकवायचा कंटाळा करू लागतात. दाराशी पहारेकरी बसला, की घरातला माणूस कडी लावायला विसरतो, तसे हे आहे. पुढे पहारेकरी निघून जातो, आणि दार उघडेच राहते. एका शहरातल्या थोड्या माणसांवरून सगळ्या लोकांना कोणी नावे ठेवू नयेत. कुबांतही सरळ माणसे पुष्कळ, आणि शेजाऱ्यांतही लबाड असतीलच. पण इशारा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

नदीच्या पश्चिमेला लेल्यांकडे निवाडा करणारे कोणी नव्हते, म्हणून शेत मागे राहिले. पूर्वेला बुशोंगांकडे चांगले पंच होते, म्हणून शेत पिकले, कापड विणले गेले, अनेक जमाती एका छत्राखाली नांदल्या. हे पंचांचे आणि सभेचे मोल आहे. परक्यांनी सभा मोडली, तेव्हा केवढा नाश झाला तेही आपण पाहिले. म्हणून सभा पाहिजे, पंच पाहिजेत, आणि राजा कितीही मोठा झाला तरी त्याला विचारणारे पाहिजेत.

पण पंच गावच्या चावडीत बसतात. आपल्या घरात, आपल्या शेताच्या बांधावर, अंधारात एकट्याने फासा टाकताना पंच नसतात. तेथला नेम आईबापांनी मुलांना लहानपणीच शिकवावा लागतो. तो शिकवला नाही, तर उत्तम राज्यही दोन पिढ्यांत पोकळ होते.